सासूबाईंना घेऊन नीमाच्या भेटीला: फ्रिस्को ते दक्षिण टेक्सास

गेली काही वर्षं मी या ब्लॉगवर टेक्सासचे रस्ते लिहितेय. निळ्या फुलांचे माळ कधी पाहायचे, बिग बेंडला जाताना पाणी किती घ्यायचं, गॅल्व्हस्टनला लहान मुलांना कुठे खेळू द्यायचं, असलं सगळं. तुम्ही वाचता आणि मग फोन करून विचारता, "मंजूताई, त्या हॉटेलचं नाव सांग ना." या वेळचा प्रवास मात्र कोणाच्याही वाट्याला येऊ नये असाच आहे. पण येतोय. आपल्याच ओळखीतल्या दोन घरांतून मला विचारणा झाली, की तिकडे जायचं कसं, राहायचं कुठे, आत काय नेऊ देतात. म्हणून लिहायला बसले. मध्येच मला रडू आलं तर वाक्यं तुटतील, सांभाळून घ्या.

आधी नीमा कोण ते सांगते. आईंचा खुबा मोडला तेव्हा ती आमच्या घरी आली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कागलजवळच्या खेड्यातल्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या. मी नागपूरची. त्यामुळे आमच्या घरात रश्श्यापासून शिव्यांपर्यंत सगळ्याचे दोन प्रकार आहेत. ऑपरेशननंतर दिवसभर सोबत कोणीतरी हवं होतं, आणि एजन्सीने पाठवली ती ही उंच, सडपातळ, टांझानियाची मुलगी. मुलगीच म्हणते मी. तिच्या जन्माच्या कागदावर मुलगा लिहिलंय, घरच्यांनी वाढवलंही मुलगा म्हणून. तिला स्वतःला मात्र लहानपणापासून ठाऊक होतं की आपण मुलगी आहोत. मोठ्या भावाला हे कळलं तेव्हा त्याने तिचे पुढचे दोन दात पाडले आणि वरून पोलिसांना बोलावलं, तिलाच धरून न्यायला. तिची आई वारली होती. एका मावशीने लपवून ठेवलं, पैसे जमवले, आणि शिकायच्या व्हिसावर ती डॅलसला आली. इथे तिने आश्रय मागितला. अर्ज पडून राहिला, कामाची परवानगी मिळाली, तिचं ठीक चाललं होतं. मग एकदा इमिग्रेशनच्या नेहमीच्या हजेरीला बोलावलं म्हणून गेली, आणि तिथूनच तिला ठेवून घेतलं.

पाठवली कुठे, तर दक्षिण टेक्सासमधल्या एका डिटेन्शन सेंटरमध्ये. आणि कागदावर जे लिहिलंय त्याप्रमाणे पुरुषांच्या विभागात.

तिची केस फुकट लढणाऱ्या एक वकीलबाई आहेत. एका गुरुवारी त्यांचा फोन आला. केस लढायची तर आतच राहून तारखेची वाट पाहायची, आणि ती तारीख कधी लागेल कोणी सांगू शकत नाही. नाहीतर 'मी आपणहून परत जाते' म्हणून सही करायची, म्हणजे विमानात बसवून देतात. नीमा सही करायचं म्हणत होती. वकीलबाई म्हणाल्या, "केस चांगली आहे, पण ती माझं ऐकत नाहीये. तुम्ही येऊन बोला. सोमवारी मला तिचा निर्णय कळवावा लागेल."

मी फोन ठेवते न ठेवते तोच आई म्हणाल्या, "मी येणार."

माझा नवरा संजय म्हणाला, "आई, एवढा लांबचा ड्राइव्ह, तुझा पाय..."

"गप ए. ह्यो पाय घेऊन मला न्हाणीत कोण न्हेत हुतं? तू न्हेत हुतास?"

मी ऑफिसात सुट्टी टाकली, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी निघालो.

फ्रिस्कोहून दक्षिणेला जायचं म्हणजे डॅलस ओलांडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये निघूच नका, नाश्ता करून, गर्दी ओसरल्यावर निघा. पुढे पस्तीस नंबरचा हायवे धरला की वळायचं म्हणून नाही, सरळ सॅन अँटोनियो. रस्ता चांगला आहे पण ट्रक फार. आईंना दर दीड तासाने उतरवून चालवावं लागतं, त्यामुळे आमचा पाच तासांचा रस्ता दिवसभर पुरला.

पहिला थांबा वेस्ट. हे गावाचं नाव आहे, गाव पश्चिमेला मुळीच नाही. चेक लोकांनी वसवलेलं, त्यांचे कोलाचे प्रसिद्ध. मऊ गोड पाव, मधोमध खळगा, त्यात जर्दाळूचा नाहीतर खसखशीचा गोडसर गोळा. स्वस्त आणि गरमगरम. आईंनी हातात घेऊन नीट निरखलं आणि म्हणाल्या, "पुरण बाहेर ऱ्हायलंय की ह्यांचं." पण दोन खाल्ले हो.

गल्ल्यावरच्या गोऱ्या बाईने आईंची साडी पाहिली, हसून विचारलं, "कुठं निघालात, हनी?"

आईंना जेमतेम इंग्रजी येतं. त्या म्हणाल्या, "माय गर्ल. जेल."

बाईचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने पिशवीत आणखी एक कोलाचे टाकलं आणि आईंच्या हातावर हात ठेवला. टेक्सासच्या लोकांबद्दल मी बरंच काही बडबडत असते, पण त्या बाईचं नाव विचारायला हवं होतं.

ऑस्टिनच्या अलीकडे गाडी अडकली. तिथे अडकतेच, तासभर धरूनच चाला. एसी चालू, गाणी बंद, आणि आई नीमाबद्दल बोलत सुटल्या. तुम्हालाही सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नीमा आमच्याकडे मराठी शिकली. दिवसभर आईंसोबत राहायचं आणि आईंना दुसरी भाषा येत नाही, मग करते काय? 'बस', 'ऊठ', 'पाणी', 'दुखतंय का' इथून सुरुवात झाली. चहा, चपाती, दुकान, पैसा हे शब्द स्वाहिलीतही जवळपास तसेच आहेत म्हणे, त्याचं दोघींना भारी कौतुक. चारपाच महिन्यांत पोरगी घडाघडा बोलायला लागली. पण बोलायची कशी? आईंसारखी. आता कोल्हापूरकडच्या बायका कशा बोलतात तुम्हाला माहीत आहे. मी आलो, मी जेवलो, मी जातो. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा आतून "मी आलो गं!" ऐकून मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले होते, आणि बाहेर आली ती नणंद.

तर नीमाही एक दिवस दारातून ओरडली, "ताई, मी आलो!"

मी सहज म्हटलं, "आलो पुरुष म्हणतात गं. बाई म्हणते, आले."

ती दारातच थांबली. तिने मला तीन-तीनदा विचारून घेतलं. जेवले? झोपले? थकले? प्रत्येक वेळी असंच म्हणायचं? मी म्हटलं, हो बाप्पा, त्यात काय एवढं! तर ती तिथेच जिन्यावर बसली आणि रडायला लागली. मी घाबरले. मग तिने समजावलं. स्वाहिलीत 'मी आले' आणि 'मी आलो' एकच. 'तो' आणि 'ती' सुद्धा एकच. इंग्रजीत 'तो' की 'ती' हे समोरचा माणूस ठरवतो, आणि तिच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचं ठरवतो, कधी मुद्दाम. "पण तुमच्या भाषेत," ती म्हणाली, "मीच सांगते. प्रत्येक वाक्यात सांगते. कोणाला विचारावं लागत नाही."

पन्नास वर्षं मी ही भाषा बोलतेय, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती 'ले' वर असा काही जोर द्यायची की आम्हाला हसू यायचं. मी आलेऽ, मी जेवलेऽ, मी भांडी घासलीऽ. भांडी घासलीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. आईंनाही सुधारायला जायची. "आजी, आलो नाही, आले!" आई फिस्कारायच्या, "मला नगं शिकवू. आमच्यात बाया असंच बोलत्यात. मी काय बापय हाय व्हय?" आणि दोघी हसत सुटायच्या.

आमच्या मंडळात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तिथे आईंना घेऊन नीमा आली होती. माझीच जुनी साडी नेसून, पदराला पिन लावून. कुंकवाची वाटी फिरत फिरत आली, आणि जिच्या हातात होती ती बाई नीमापाशी घुटमळली. माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "हिला लावायचं का गं? नक्की काय ते..." आणि वाटी पुढे नेली. नीमाच्या शेजारी आई बसलेल्या. त्या विधवा, त्यांना तर कोणी विचारलंही नाही. दोघी कोऱ्या कपाळाने बसलेल्या मी लांबून पाहिल्या. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात आईच मोठ्यांदा म्हणाल्या, "नीमा, चल गं, आपुन दोघी डाळ खाऊ. ह्यांचं हूं दे." आणि दोघी स्वयंपाकघरात वाटली डाळ आणि पन्हं घेऊन बसल्या. घरी येताना नीमा म्हणाली, आमच्या गावात पण विधवेला असंच बाजूला बसवतात. तेव्हा आईंनी तिच्या गालावर एक टिचकी मारली.

ऑस्टिनचा ट्रॅफिक सुटला तेव्हा आई मध्येच म्हणाल्या, "पुरुषांच्यात ठेवलंय म्हंजे नक्की कसं गं? एका खोलीत?"

"हो आई."

"आन् झोपती कशी?"

मी गाडी पुढच्या लेनमध्ये घेतली.

सॅन अँटोनियोला नदीकाठच्या हॉटेलात राहू नका, पार्किंगमध्येच लुटतात. आम्ही एअरपोर्टकडच्या एका साध्या मोटेलमध्ये राहिलो. खाली खोली मिळाली, न्हाणीघरात आधाराचा दांडा होता, म्हाताऱ्या माणसाला तेवढं पाहून घ्या. संध्याकाळी आईंना व्हीलचेअरवर नदीकाठी फिरवून आणलं. दगडी पूल, सायप्रसची उंच झाडं, रंगीत छत्र्यांखाली जेवणारी माणसं, खालून होड्या. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं. एका मेक्सिकन ठिकाणी गरम मक्याच्या टॉर्टिया आणि घेवड्याची उसळ घेतली. आईंना आवडलं. भाजलेली मिरची मीठ लावून खाल्ली, आणि वाढणाऱ्या पोरीला खूण करून आणखी दोन मागवल्या.

मग हात पुसत म्हणाल्या, "उद्या मी काय बोलू तिला?"

"सही करू नको म्हणा. तुमचं ऐकेल ती."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"तर परत त्या भावाच्या घरात जाईल."

आईंनी पुढे काही खाल्लं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. सॅन अँटोनियो मागे पडलं की झाडं खुजी होत जातात. बाभळीच्या भावकीतली मेस्कीटची झुडपं, तारेची कुंपणं, तेलविहिरींचे ट्रक. पेट्रोल शहरातच भरून घ्या, पुढे पंप लांब लांब आहेत. बाथरूमलाही तिथेच जाऊन घ्या. सेंटर लांबून शाळेसारखं दिसतं, जवळ गेल्यावर काटेरी तारा दिसतात.

आता कामाचं. पासपोर्ट किंवा लायसन्स मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. बिनबाह्यांचे कपडे नकोत. पर्स, फोन, डबा काही नेता येत नाही, बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवा. आईंनी शेंगदाण्याचे लाडू आणायचा हट्ट धरला होता, मी घरीच ठेवायला लावले ते बरं झालं. खिडकीवर ज्याला भेटायचं त्याचं नाव सांगावं लागतं. मी म्हटलं, नीमा, आणि आडनाव. पलीकडचा माणूस म्हणाला, या नावाचं कोणी नाही. असणारच नव्हतं. मग मला तिचं कागदावरचं नाव लिहून द्यावं लागलं. ते मी इथे लिहिणार नाही.

"ओके. ही विल बी आउट शॉर्टली," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. आईंना बसायला खुर्ची त्यानेच आणून दिली.

तपासणीच्या दारातून जाताना आईंच्या खुब्यातली धातूची पट्टी वाजली. दारावरची बाई हातात यंत्र घेऊन आली, आईंच्या कमरेभोवती फिरवायला लागली. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग तिला, ह्यो पाय बरा करणारी आत हाय." मी भाषांतर केलं नाही.

भेट काचेतून. अलीकडे एक फोनचा रिसीव्हर, पलीकडे एक. तासभर वेळ देतात. आम्ही बसलो, पलीकडचं दार उघडलं, आणि नीमा आली. केस पार कापलेले. तिचे केस किती होते! रविवारी दुपारभर बसून वेण्या घालायची. अंगावर ढगळ गणवेश, खांदे पुढे ओढून घेतलेले, छाती लपवायला. आईंना पाहून तिने दोन्ही हात काचेला लावले. आईंनीही लावले.

रिसीव्हर आधी आईंनीच घेतला, पण त्यांचं कानातलं मशीन कुई कुई करायला लागलं. त्यांनी वैतागून ते काढलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तू ऐक आन् मला सांग."

मी कानाला लावला. नीमा म्हणाली, "ताई, मी आलो."

मला वाटलं लाइन खराब आहे. मी सवयीने म्हटलं, "आले म्हण गं."

"नाही ताई. प्रॅक्टिस करतो."

"कसली प्रॅक्टिस?"

"घरची."

तिने सांगितलं ते मी जसं आठवतंय तसं लिहिते. मावशीकडून तिने भावाला निरोप पाठवला होता, की मी सुधारलो, मी परत येतो, मला घरात घे. भाऊ हो म्हणाला होता. "स्वाहिलीत बोलताना काही प्रॉब्लेम नाही, ताई. त्यात दिसत नाही. पण मी डोक्यात मराठीत बोलते... बोलतो. एकटं असताना. आले, गेले, झोपले, तसं. मग कधीतरी ते चेहऱ्यावर येईल, चालण्यात येईल. भावाला कळेल. म्हणून आधी डोक्यातलं बदलतो."

आई माझा दंड हलवत होत्या, "काय म्हणती? काय म्हणती?"

"म्हणतेय, मी आले," मी सांगितलं.

"जेवती का इचार."

मी विचारलं. मग जे बोलायला आले होते ते बोलले. वकीलबाई म्हणतात केस चांगली आहे. आम्ही दर महिन्याला येऊ. सुटलीस की सरळ आमच्या घरी राहायचं, वरची खोली आहेच. ती ऐकत होती, मान हलवत होती, शाळेतल्या पोरीसारखी. मग म्हणाली, "किती महिने, ताई?"

"ते माहीत नाही."

"मी इथे बसून झोपतो. भिंतीला पाठ लावून."

"पण तिकडे भाऊ मारेल तुला, नीमा! आधी मारलंय ना!"

"भाऊ एकटा आहे, ताई. इथे खोलीभर आहेत."

मी त्या काचेसमोर बसून रडले. मला राग आला होता, तिच्या भावाचा, त्या कागदाचा, आणि खरं सांगते, तिचाही आला होता, की थोडं थांब ना गं पोरी. पण थांबायचं तिला होतं, भिंतीला पाठ लावून. मला संध्याकाळी मोटेलमध्ये पाय पसरून झोपायचं होतं.

आईंनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि बऱ्या कानाला घट्ट दाबला.

"ए पोरी! सही करायची न्हाई. ऐकलंस? माझा पाय अजून दुखतोय. तुला याचं हाय माझ्याकडं."

नीमा हसली. बसवलेले पुढचे दोन दात दिसले. ती मोठ्यांदा, एक एक शब्द सुटा करून बोलली, आईंना ऐकू जावं म्हणून. मलाही शेजारून ऐकू आलं. "आजी, मी जातो."

"जातो म्हणू न्हाई!" आई खेकसल्या. "किती येळा सांगितलंय? येतो म्हणावं."

नीमाने डोळे मिटले. मग म्हणाली, "येतो, आजी."

"हां. आत्ता कसं!"

आईंच्या कानाला त्यात काहीच खटकलं नव्हतं. त्यांच्या आईने, आजीने, जन्मभर प्रत्येक बाईने दारातून निघताना असंच म्हटलेलं. त्या समाधानाने खुर्चीला टेकल्या. नीमाने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, आजीला सांगू नको म्हणून. मग मागचा माणूस आला आणि तिला घेऊन गेला.

परतीचा रस्ता तोच. मुक्काम करायचं आमच्या मनात होतं, पण आई म्हणाल्या, घरी चल. सॅन अँटोनियो ओलांडलं. मग आईच बोलल्या, खुशीत. "माझ्यागत बोलली की गं आज. एवढं आलेऽ आलेऽ करायची, शेवटी माझंच शिकली. आन् येतो म्हणलीय. सही करणार न्हाई ती बघ."

मी गाडी बाजूच्या रस्त्यावर घेतली आणि एका पंपाशी थांबवली. आईंना म्हटलं, जरा डोळ्यांत काहीतरी गेलंय. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन गाडी चालू केली. पुढे ऑस्टिनचा ट्रॅफिक, वेको, डॅलसचे दिवे. मी आईंना काही सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. नीमाने सही केली होती.

आईंना मी संध्याकाळी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पण येतो म्हणली हुती." दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. संजयने समजूत घालायला जावं तर उठून खोलीत निघून जायच्या. आमची लेक रिया कॉलेजातून फोनवर म्हणाली, "आजी, शी वॉज स्केअर्ड." आईंना इंग्रजी कळलं नाही, पण मान हलवली.

जायचं असेल त्यांच्यासाठी शेवटचं. शनिवारी सकाळी लवकर पोहोचा, दुपारनंतर रांग वाढते. सोबत कोणीतरी न्या, परतताना एकट्याने गाडी चालवू नका. आणि आतल्या माणसाला काय म्हणायचं ते घरून ठरवून जाऊ नका. मी ठरवून गेले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. मंडळातल्या दोघीतिघींनी नंतर हळहळ व्यक्त केली, त्यात ती वाटीवालीही होती. एकीने विचारलं, तिकडे सुखरूप पोचला का तो. मी म्हटलं, पोचली.

नीमाचा फोन परवा आला. व्हॉट्सअ‍ॅपवर, अनोळखी नंबरवरून. मी आणि आई लसूण सोलत होतो, मी स्पीकरवर टाकला. मागे कोंबड्या, रेडिओ, बायकांचे आवाज. ती मराठीतच बोलली, तिथे कोणाला कळत नाही म्हणून. बरा आहे म्हणाली. भाऊ मारत नाही म्हणाली. दुकानात बसतो म्हणाली. मग म्हणाली, "आजी, माझं लग्न ठरवलंय."

आईंचा चेहरा एकदम उजळला, मी पाहिला ना! "अगं बया! नवरा काय करतो?"

"नवरा मीच आहे, आजी."

लसणाची पाकळी आईंच्या हातात तशीच राहिली. तिकडून नीमा बोलत होती, की भाऊ म्हणतो लग्न झालं की लोकांची तोंडं बंद होतील. मुलगी शेजारच्या गावची आहे. शिक्षिका व्हायचं म्हणत होती, आता घरचे म्हणतात, लग्नानंतर काय ते पाहा.

आईंनी विचारलं, "तिला कुणी इचारलं का, तुला चालतंय का म्हणून?"

"नाही आजी. तिला कोण विचारणार."

मागून एका पुरुषाने हाक मारली, त्या कागदावरच्या नावाने. नीमाने जाड आवाज काढून काहीतरी उत्तर दिलं आणि फोन बंद झाला. मी परत लावला, लागला नाही. आई ताटलीतली लसणाची सालं गोळा करत म्हणाल्या, "मलाबी न्हवतं इचारलं कुणी."

ओट्याशी जाऊन सालं टाकली, हात धुतले, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "त्या पोरीचं नाव इचारायचं ऱ्हायलं, मंजू."